कोणतं ‘सौभद्र’ पाहिलं?

मराठीत जुन्या नाटकाचा नवा प्रयोग झाला की त्यावर येणारी परीक्षणं बहुधा दोन वळणांची असतात. एका वळणात बालगंधर्वांची किंवा डॉ. श्रीराम लागूंची आठवण निघते, गेलेल्या वैभवाचा गौरव होतो आणि नव्या संचाची ‘स्तुत्य प्रयत्न’ म्हणून बोळवण होते. दुसऱ्या वळणात आजच्या जगण्याशी नाटकाचा मेळ बसत नाही असं सांगून ते कालबाह्य ठरवलं जातं. त्या संध्याकाळी रंगमंचावर नेमकं काय घडलं, त्यातलं नाटककाराचं किती, परंपरेनं चालत आलेलं किती आणि या दिग्दर्शकानं घातलेलं किती, हे दोन्हीकडे राहून जातं. माझ्या मते अभिजात नाटकाच्या परीक्षकानं करायची सगळी पूर्वतयारी या एका निवाड्यासाठी असते. मराठीत तो अधिक अवघड आहे. आपली जुनी नाटकं आपल्यापर्यंत पुस्तकांतून थोडी आणि नटांच्या गळ्यातून, तालीम मास्तरांच्या शिकवणीतून, एका मंडळीकडून दुसऱ्या मंडळीकडे अशी जास्त आली आहेत.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ घ्या. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी त्याचा प्रयोग झाला तेव्हा पहिले तीनच अंक तयार होते. पाचही अंकांचं नाटक पुढच्या वर्षी उभं राहिलं. पदं शंभरावर होती आणि रात्री सुरू झालेला खेळ पहाटेकडे झुकायचा. आज तेच नाटक मध्यंतरासह तीन तासांत बसवावं लागतं, कारण नाट्यगृह तेवढ्याच वेळेपुरतं मिळतं आणि प्रेक्षकाला शेवटची लोकल किंवा बस गाठायची असते. म्हणजे आज आपण पाहतो ते प्रत्येक ‘सौभद्र’ कुणीतरी संपादित केलेलं असतं. संपादन कुणी केलं, कशाच्या हिशेबानं केलं आणि त्यात काय गेलं, हा परीक्षकाचा पहिला प्रश्न असायला हवा. बहुतेक वेळा गाजलेली पदं राखली जातात आणि घरगुती प्रवेशांना कात्री लागते. पण हे नाटक मुळात एका घरातल्या लग्नाच्या कारस्थानाचं आहे. थोरल्या भावाला बहीण दुर्योधनाला द्यायची आहे, धाकट्याला अर्जुनाला, आणि धाकटा समोरासमोर भांडण न काढता डाव रचतो आहे. कृष्ण, बलराम आणि रुक्मिणी यांच्या प्रवेशांतला तो लबाड गोडवा काढून टाकला की उरते ती नाट्यगीतांची मैफल. मग परीक्षक लिहितो की कथानक विस्कळीत आहे. ते विस्कळीत किर्लोस्करांनी केलं की परवाच्या तालमीत झालं, हे सांगायला छापील संहिता आधी वाचलेली असावी लागते, आणि शक्य असेल तर संस्थेकडून रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी संपादित केलेली प्रतही मागून घ्यावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे. पण ते टाळून लिहिलेल्या परीक्षणाला फारसा अर्थ उरत नाही.

संहिता वाचताना त्या काळच्या रंगमंचाचं चित्रही डोळ्यांसमोर हवं. रंगवलेल्या पडद्यांच्या काळात पुढचा पडदा सोडून त्याच्यासमोर एखादा छोटा विनोदी प्रवेश चालायचा आणि मागे राजवाड्याची किंवा उपवनाची मांडामांड व्हायची. अशा प्रवेशांचं एक काम नाट्यपूर्ण असायचं आणि दुसरं निव्वळ सुताराच्या सोयीचं. आज प्रकाशयोजनेनं क्षणात जागा बदलते, तेव्हा असा प्रवेश गाळला तर नाटकाला इजा होईलच असं नाही. उलट आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ पाहा. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला तो फिरत्या रंगमंचावर. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे एका सोंगातून दुसऱ्या सोंगात ज्या वेगानं शिरायचा, तो वेग त्या फिरण्यावर उभा होता. फिरत्या रंगमंचाशिवाय हे नाटक करणाऱ्या संस्थेनं त्या वेगाची भरपाई कशी केली, हे पाहायला हवं. भरपाई झाली नसेल तर नाटक ‘संथ’ ठरतं आणि दोष नाहक अत्र्यांच्या माथी येतो.

कोणता शब्द कुणाचा, हे माहीत असणंही यातच आलं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. ‘एकच प्याला’ त्यानंतर फेब्रुवारीत बडोद्यात रंगभूमीवर आलं. आपलं सर्वांत गाजलेलं नाटक त्यांनी रंगमंचावर पाहिलंच नाही, आणि त्यातली पदं त्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी रचली. तरी नायिका सिंधूच्या पदांतल्या काव्याचं श्रेय सर्रास गोविंदाग्रजांना, म्हणजे कवी गडकऱ्यांना, दिलं जातं. ही फक्त माहितीची चूक नाही. गडकऱ्यांचं गद्य अलंकारांनी दाटलेलं आणि चढत जाणारं आहे, गुर्जरांची पदं साधी आणि हळवी आहेत. बालगंधर्वांची सिंधू या दोन वेगळ्या हातांच्या लिखाणातून घडली. आजच्या सिंधूला गद्यात सूर सापडत नसेल आणि पदात सापडत असेल, तर त्याचं एक कारण इथेही असू शकतं.

‘घाशीराम कोतवाल’च्या बाबतीत प्रश्न उलटा होतो. विजय तेंडुलकरांची छापील संहिता एका बैठकीत संपते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जे घडलं, त्यात जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचना यांचा वाटा इतका मोठा होता, की ब्राह्मणांची ती हलती, डोलणारी, गाणारी भिंत हीच कित्येकांच्या मनात नाटकाची व्याख्या झाली. आता नवा दिग्दर्शक ती भिंत वेगळ्या तऱ्हेनं उभारतो तेव्हा तो तेंडुलकरांपासून दूर जातो की पटेलांपासून? परीक्षकाला हे सांगता आलं पाहिजे. कीर्तन, दशावतारी खेळ, लावणी, अभंग यांचा वापर संहितेतच आहे. पण त्याची विशिष्ट चाल आणि लय त्या मूळ संचाची आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत तर प्रत्येक नवा ‘घाशीराम’ जुन्याची नक्कल किंवा जुन्याचा अपमान एवढाच दिसत राहील.

संगीताबद्दल जास्त बोलायला हवं, कारण मराठी परीक्षणं इथे सर्वांत लवकर शरण जातात. ‘पदं रंगली’ आणि ‘वन्स मोअर मिळाले’ एवढ्यावर काम भागवलं जातं. संगीत नाटक म्हणून एकच एक वस्तू कधी नव्हती. किर्लोस्करी नाटकात पदाला बहुधा आधीची माहीत असलेली चाल असे. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, लावणीच्या चाली, कानडी चाली. पद छोटं असे आणि पात्र बोलता बोलता गाऊ लागे. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त १९११ साली गोविंदराव टेंबे आले आणि नाट्यपदाला मैफलीच्या रागदारीचं अंग मिळालं. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी ते आणखी भारदस्त झालं. पुढे पदांचा विस्तार इतका वाढला की नाटक थांबून गाणं ऐकायचं, अशी प्रेक्षकाला सवय लागली. १९६० नंतर जितेंद्र अभिषेकींनी ‘मत्स्यगंधा’, ‘ययाति आणि देवयानी’, ‘कट्यार काळजात घुसली’ अशा नाटकांतून पदांची संख्या आणि लांबी आवरली, आणि प्रसंगाच्या भावाला धरून बांधलेली चाल पुढे आणली. हे तीन वेगळे संसार आहेत. ‘सौभद्रा’तल्या सुभद्रेनं सात-आठ मिनिटं ताना घेतल्या तर ती किर्लोस्करांवर पुढच्या काळाची पद्धत लादत असते, आणि ‘मानापमाना’तल्या भामिनीनं पद दोन मिनिटांत आटोपलं तर तिनं नाटकाचं मर्मच आखडतं घेतलेलं असतं. ‘गाणं फार लांबलं’ हे वाक्य या ज्ञानाशिवाय लिहू नये, आणि ‘गाणं अपुरं वाटलं’ हेही.

‘मानापमाना’चं एकच अधिकृत रूपही शोधू नये. त्याच्या नायकाचा, म्हणजे धैर्यधराचा, पहिला अवतार नानासाहेब जोगळेकरांचा. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली, तेव्हा टेंबे स्वतः धैर्यधर झाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी जो संयुक्त प्रयोग झाला त्यात ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी समोरासमोर आली. दोन मंडळ्या, दोन गायनशैली, एकच नाटक. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. परंपरा एकसंध होती असं जो सांगतो, त्याला ही एक रात्र दाखवावी. आजचा धैर्यधर बालगंधर्व संप्रदायाचं गात नाही म्हणून तो अशुद्ध, असा निकाल देणाऱ्या परीक्षकानं केशवरावांच्या घराचा विचार केलेला नसतो.

या नाटकांतल्या स्त्रिया पुरुषांसाठी लिहिलेल्या आहेत, याचाही पुरेसा विचार होत नाही. भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होते, बालगंधर्व भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू. नाट्यमन्वंतर संस्थेनं १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ केलं तेव्हा स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करणं ही बातमी होती. त्यानंतरही दीर्घकाळ स्त्री नटांना जुन्या भूमिकांसाठी आदर्श म्हणून ठेवला गेला तो बालगंधर्वांचा: ते मुरकणं, ती पदर सावरण्याची लकब, तो लडिवाळ उच्चार. पुरुषानं रचलेल्या स्त्रीत्वाची नक्कल स्त्रीनं करायची, असा हा विलक्षण वारसा आहे. एखादी आजची अभिनेत्री तो बाजूला ठेवून सिंधूला साध्या, थकलेल्या, हिशेबी गृहिणीसारखी उभी करत असेल तर परीक्षकानं तिथे थांबून पाहावं. ती गडकऱ्यांच्या शब्दांना धरून असं करते आहे का? माझ्या वाचनाप्रमाणे त्या शब्दांत तशी सिंधू आहे. दळण दळणारी, मूल सांभाळणारी, सगळं कळत असूनही नवऱ्याची बाजू न सोडणारी. तिचं पातिव्रत्य आज टोचतं, टोचावंच. दिग्दर्शकाला त्या निष्ठेची भीषणता दिसली आहे, की तो ती घाईघाईनं झाकतो आहे, हे परीक्षकानं लिहायला हवं.

रूपांतराचा विषय थोडक्यात. आपल्या अभिजात म्हणवल्या जाणाऱ्या नाटकांपैकी बरीच बाहेरून आली आहेत. देवलांचं ‘झुंझारराव’ म्हणजे ‘ऑथेल्लो’. ‘संशयकल्लोळ’चं मूळ मोलियरपर्यंत जातं, आणि तेही आधी ‘फाल्गुनराव’ म्हणून गद्यात आलं, १९१६ मध्ये संगीत होऊन लोकप्रिय झालं. पु. लं.चा ‘अंमलदार’ गोगोलकडून आणि ‘ती फुलराणी’ शॉकडून. माधव मनोहरांसारख्या समीक्षकांनी मूळ शोधण्याची सवय मराठीला लावली, ते बरंच झालं. मात्र मूळ सापडलं की चोरी पकडल्याचा आनंद होऊन लेख तिथेच संपतो, हे बरं नाही. खरा प्रश्न पुढे आहे. ‘नटसम्राट’वर ‘किंग लिअर’ची सावली आहे हे सगळेच सांगतात. पण कुसुमाग्रजांनी राजाच्या जागी अप्पा बेलवलकर हा निवृत्त नट ठेवला, म्हणजे रंगमंचावर जगलेल्या माणसाच्याच घरात लिअरची कथा घडवली. आणि मुलं-सुना राक्षसी न करता साध्या, कातावलेल्या मध्यमवर्गीय केल्या. त्यामुळे अप्पांचा अहंकार आणि आरडाओरडाही तपासायला जागा राहिली. सुनेला खलनायिका बनवणारा प्रयोग लेखकानं दिलेली ही जागा बुजवतो. हे सांगायला ‘लिअर’ माहीत असावा लागतो आणि त्याहून जास्त ‘नटसम्राट’ नीट वाचलेलं असावं लागतं.

नाटकाच्या भोवतीचा काळ हा सर्वांत जास्त ऐकीव गोष्टींनी भरलेला भाग. देवलांच्या ‘शारदा’ नाटकामुळे बालविवाहाविरुद्ध ‘शारदा कायदा’ आला, असं आजही छापलं जातं. १९२९ चा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो. त्याच्या नावाचा देवलांच्या नायिकेशी संबंध नाही. ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आलं, म्हणजे संमतीवयाच्या १८९१ च्या कायद्यावरून महाराष्ट्र तापून निघाल्यानंतर काही वर्षांनी. ते वादळ माहीत असलं की नाटकाचा शेवट वेगळा दिसू लागतो. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी होणारं लग्न मोडतं ते वधूवर सगोत्र निघतात म्हणून, आणि पुढचा मार्ग धर्मपीठाच्या मान्यतेनं मोकळा होतो. मुलीच्या ‘नको’ला त्या निकालात स्थान नाही. देवलांनी आपल्या प्रेक्षकाला त्याच्याच शास्त्रात गाठलं, हे त्यांचं चातुर्य. आणि तिथेच ते थांबले, ही त्या काळाची मर्यादा. हा शेवट बदलणाऱ्या दिग्दर्शकाला परीक्षकानं आधी विचारावं, की बदलण्याआधी तो त्याला समजला होता का.

खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चंही तेच. १९०७ च्या प्रेक्षकाला कीचकात कर्झन, द्रौपदीत देश, धर्मराजात नेमस्त आणि भीमात जहाल दिसत होते. सरकारलाही दिसले आणि १९१० मध्ये बंदी आली. ती सांकेतिक भाषा आज मावळली आहे. मग उरलेलं पौराणिक नाटक स्वतःच्या पायांवर उभं राहतं का, की दिग्दर्शकानं नवे संकेत शोधले आहेत? तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली परिनिरीक्षण मंडळानं सुचवलेल्या ढीगभर कापाकापीतून आणि न्यायालयातून वाट काढत प्रेक्षकांपर्यंत गेलं. त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग यांचं ‘बाइंडरचे दिवस’ वाचल्याशिवाय त्या नाटकावर लिहायला बसू नये असं मला कळकळीनं वाटतं. त्या काळी धक्का शिव्यांनी, दारू पिणाऱ्या बाईनं दिला. आज त्या गोष्टींवर प्रेक्षक हसतो. हसू आलं म्हणून नाटक जुनं झालं असं लिहिण्याआधी लक्ष्मीकडे पाहावं. सखारामच्या घरातल्या दोन बायकांपैकी चंपा नवऱ्यापासून सुटून आलेली. लक्ष्मी देवभोळी, सोशीक आणि शेवटी सर्वांत थंडपणे निर्दय. पन्नास वर्षांपूर्वीच्या गदारोळात झाकली गेलेली ती बाई आज जास्त स्पष्ट दिसते, आणि नव्या प्रयोगाची कसोटी मला तीच वाटते.

आता आठवणीबद्दल. निळू फुल्यांचा सखाराम, भक्ती बर्वेंची फुलराणी, ‘कट्यार’मधले वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब ज्यांनी पाहिले त्यांचं भाग्य मोठं. पण परीक्षणात आठवण पुरावा म्हणून यायची असेल तर ती नेमकी हवी: अमुक प्रवेशात लागू कुठे थांबत, कुणाकडे पाठ करत, कोणता शब्द दाबत. एवढं सांगता येत नसेल तर तुलना करू नये. १९७० मध्ये लागूंनी उभे केलेले अप्पा बेलवलकर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही केले. म्हणजे भूमिका तेव्हाच अनेकांच्या अंगावर वेगवेगळी बसत होती. ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही अशा तरुण परीक्षकांनी संकोचू नये. त्यांच्यासाठी गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’, चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’, लागूंचं ‘लमाण’, विजया मेहतांचं ‘झिम्मा’ आहे. मात्र चित्रपटांवर विसंबू नये. ‘कट्यार’, ‘नटसम्राट’ आणि आता ‘मानापमान’ही पडद्यावर आल्यापासून चित्रपटातला प्रसंग नाटकात नाही म्हणून हळहळणारी परीक्षणं दिसू लागली आहेत.

आणखी एक जबाबदारी आहे, जी सहसा परीक्षकाची मानली जात नाही. अभिजात कोणतं, ही यादी कुणी केली? जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ १८५५ साली लिहिलं, किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’च्या पंचवीस वर्षं आधी. ते त्यांच्या हयातीत रंगमंचावर आलं नाही आणि छापून यायला १९७९ साल उजाडलं. हिराबाई पेडणेकरांचं ‘संगीत दामिनी’ ललितकलादर्शनं १९१२ साली केलं. एका स्त्रीनं लिहिलेलं हे संगीत नाटक पुनरुज्जीवनाच्या चर्चेत क्वचितच येतं. वगनाट्यात तर संहिता हा आराखडाच असतो आणि सोंगाड्याचा हजरजबाबीपणा हेच नाटक. तिथे छापील मजकुराशी ताडून पाहण्याची रीत चालत नाही. मंडळ्यांच्या आणि मध्यमवर्गीय नाट्यगृहांच्या वाटेनं जे टिकलं ते अभिजात झालं. परीक्षकानं हे जाणून अधूनमधून विचारावं की तीच पाच-सात नाटकं पुन्हा का, आणि हे का नाही.

पुनरुज्जीवन मोठ्या शहरांतल्या व्यावसायिक संचांपुरतं नाही, हेही ध्यानात हवं. गोव्यात देवळांच्या उत्सवांतून आणि कला अकादमीच्या स्पर्धेतून, महाराष्ट्रात राज्य नाट्य स्पर्धेतून ही नाटकं होत राहतात, नोकरी सांभाळून तालमी करणाऱ्यांकडून. शिलेदार कुटुंबानं ‘मराठी रंगभूमी’ संस्थेतर्फे अनेक दशकं ती जगवली. सुनील बर्वे यांनी ‘हर्बेरियम’ या उपक्रमात जुनी नाटकं मोजक्या पंचवीस प्रयोगांसाठी आणली, तेव्हा तो मोजकेपणाही अर्थकारणाचा भाग होता. ऑर्गनवादक मिळणं, गाणारा आणि अभिनय करणारा नट एकाच माणसात मिळणं, हे आज सोपं नाही. अडचणी कळल्या म्हणून गुण वाढवून देऊ नयेत. पण कोणता निर्णय कलेचा आणि कोणता खिशाचा, हे ओळखता यावं.

भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले आणि भारतात ग्रामोफोनची ध्वनिमुद्रणं १९०२ मध्ये सुरू झाली. त्यांचा आवाज कसा होता हे आपल्याला फक्त लिहून ठेवणाऱ्यांकडून कळतं. आज सगळं चित्रित होतं असं वाटतं. पण बहुतेक प्रयोगांची रंगावृत्ती संच मोडला की हरवते, आणि चित्रण झालंच तर पडून राहतं. म्हणून जुन्या नाटकाच्या परीक्षणात काही कोरड्या नोंदी असाव्यात असा माझा आग्रह आहे: कोणती आवृत्ती वापरली, संपादन कुणाचं, किती पदं राहिली, चाली मूळच्या की नव्या, साथीला कोण, ध्वनिवर्धक कसा होता, प्रयोग किती वेळ चालला आणि हा कितवा प्रयोग होता. संपादकानं जागा कमी दिली तर विशेषणं गाळावीत, या नोंदी ठेवाव्यात.